विहीणबाईंची मालिका

लेकीनं फोनवर बोलता बोलता मध्येच "आई, थांब ना गं, मी आल्याशिवाय लावू नकोस!" असं ओरडून म्हटलं आणि मी खरोखरच थांबले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात अर्धी सोललेली काकडी, ही आपल्याला काय लावू नकोस म्हणतेय याचा विचार करत ओट्यापाशी उभी. मग कळलं की ते मला नव्हतंच. तिकडच्या आईला होतं. सासूला. "हं, बोल, काय म्हणत होतीस?" लेक मला म्हणाली, पण मी काय म्हणत होते ते माझ्याच डोक्यातून निघून गेलं होतं. डोक्यात राहिला होता फक्त तो 'थांब'. 'थांबा' नव्हे, थांब. लग्न झालं तेव्हा ती सासूला अहो-जाहो करायची. 'आई, तुम्ही बसा', 'आई, तुमचा चष्मा'. त्या 'तुम्ही'चा मला केवढा आधार होता ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एका शब्दाचं कुंपण, अलीकडे मी, पलीकडे विहीणबाई. दोन वर्षांत कधीतरी ते कुंपण मोडून पडलं आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. "काही नाही, ठेव तू," मी म्हणाले. "रागावलीस?" "राग कसला?" "अगं, मालिका आहे ना ती कोरियन. आमची रोजची साडेचारची वेळ." तिनं फोन ठेवला आणि मी ती काकडी सोलत राहिले, सोलत राहिले, ती बोटाएवढी होईपर्यंत.

हे दुःख सांगायचं तरी कुणाला? लेकीला सासू छळते असं असतं तर चार माणसं धावून आली असती. लेकीचं सासूशी गूळपीठ आहे म्हणून आई झुरते, हे ऐकून कोण धावणार? जो तो मला येऊन सांगे, नशीब काढलं हो पोरीनं. जाऊबाई म्हणाल्या, "असं सासर मिळायला पुण्याई लागते." मी मान डोलवायची. एकदा भाजी निवडताना माझ्या मनात आलं, की सासू जरा खाष्ट असती तर लेक एखाद्या दुपारी रडत माझ्याकडे आली असती, मी तिला जवळ घेतलं असतं, डोळे पुसले असते. ते सगळं दृश्य मला दिसलं, तिचा ओला गाल माझ्या खांद्यावर, आणि मला बरं वाटलं. मग मी इतकी दचकले की निवडलेली भाजी आणि कचरा एकाच पातेल्यात टाकला. असा विचार करणारी बाई मी नव्हते. निदान तोवर नव्हते.

मी कानाच्या डॉक्टरांकडे कान तपासते. सव्वीस वर्षं हेच काम, रोज साडेतीनपर्यंत. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक काचेची खिडकी असलेली छोटी बंद खोली आहे. भिंतींना राखाडी स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं. तिला आम्ही 'पेटी' म्हणतो. पेशंटला आत बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेबाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. मी कागदावर खुणा करायच्या, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, आणि आवाज जितका मोठा लागेल तितकी खूण खाली. लेक चौथीत असताना शाळा सुटल्यावर थेट दवाखान्यात यायची आणि पेटी रिकामी असली की आत बसून गृहपाठ करायची. मी बाहेरून माइकवर हळूच म्हणायची, "ठमे, भूक लागली?" ती वहीतून मान वर न काढता हात वर करायची. लागली. "दूध पिणार?" हात खालीच. सातवीत एकदा माझ्याशी भांडून ती पेटीत जाऊन बसली आणि आतून कडी लावली. मी काचेतून हातवारे करत होते आणि ती माझ्याकडे पाठ करून होती. डॉक्टर म्हणाले, "दमा जरा. भांडण तुमच्याशीच आहे ना? मग येईल ती." तेव्हा मला ते किती साधं वाटलं होतं. लेक भांडते म्हणजे आपल्याशीच भांडते, दुसरं कुणाशी भांडणार? आता वर्षभरात ती माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. फोनवर किती गोड बोलायची. पाहुण्यांशी बोलावं तसं.

त्या मालिकेनं तर सगळीकडे उच्छाद मांडला होता. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही अजून बघितली नाहीत?" लस टोचून घेतली नाहीत का, असं विचारावं त्या सुरात. ती शेवटचा भाग बघून इतकी रडली होती की दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. कान तपासायला आलेले एक निवृत्त इंजिनियर, मी त्यांना हेडफोन लावत असताना, सांगू लागले की असं काही आपल्या जन्मात पाहिलं नाही, माणसाला आतून धुऊन काढते हो ती मालिका. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, जिथे तिथे तीच. मला तिच्यात काही रस नव्हता. मला रस होता त्या साडेचारच्या 'आमची'मध्ये. त्या वेळेत असं काय होतं, की दोन बायका, ज्यांचं रक्ताचं काही नाही, त्या एकमेकींच्या इतक्या झाल्या?

एका सुट्टीच्या दिवशी न कळवता मी तिकडे गेले. दार उघडंच होतं. सोफ्यावर विहीणबाई बसलेल्या आणि लेक त्यांना अगदी खेटून, त्यांच्या डाव्या अंगाला. तिची हनुवटी जवळजवळ त्यांच्या खांद्यावर. पडद्यावर कुणी तरी पोरगी मिठागरात उभी राहून वाऱ्याकडे बघत होती आणि माझी लेक सारखं काही तरी बोलत होती, हलक्या आवाजात, कधी जाड आवाज काढून, कधी नाकात, आणि विहीणबाई टीव्हीकडे न बघता तिच्याकडे बघून खळखळून हसत होत्या. माझं पाऊल वाजलं तसं लेक म्हणाली, "अय्या आई! ये ना, बस." आणि तिनं हात दाखवला तो समोरच्या एकट्या खुर्चीकडे. मी मुद्दामच तिथे बसले नाही. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, विहीणबाईंच्या उजव्या बाजूला जाऊन टेकले आणि म्हणाले, "बऱ्या आहात ना?" त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. मी पुन्हा म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी भेट." शून्य. लेकीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्या वळून म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही कधी आलात?" मी मनात म्हटलं, वा! एवढा तोरा. एरवी माझा फोन गेला तरी घ्यायच्या नाहीत, सुनेच्या हातात द्यायच्या. आता समोर बसलेय तर दिसत नाही. पंधरा मिनिटांत मी उठले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "काय झालं? तोंड का असं?" मी सांगितलं. तो मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होता. म्हणाला, "मग तूही बघ ती मालिका. शत्रूच्या गोटात शिरायचं तर त्याची भाषा यायला हवी." आणि स्वतःच्याच विनोदावर हसून त्यानं एक प्यादं पुढे सरकवलं.

त्यानं थट्टेत सांगितलं, मी मनावर घेतलं. दुपारी जेवणाची अर्धा तास सुट्टी असते. डबा चटकन संपवायचा, पेटीत जायचं, दार ओढून घ्यायचं आणि मोबाईलवर ती मालिका लावायची. सोळा भाग, एकेक सव्वा तासाचा. मला जवळजवळ दोन महिने लागले. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचेपर्यंत वरचं माणूस बोलून मोकळं झालेलं असायचं, मग पुन्हा मागे जायचं. मिठागरात काम करणारी एक पोरगी, शहरातून आलेला एक श्रीमंत, आठवण हरवलेला तरुण. तो तिच्याकडे बघतो. ती त्याच्याकडे बघते. वारा सुटतो. पुन्हा तो बघतो. दुसऱ्या भागात मी म्हटलं, अजून सुरुवात आहे. पाचव्यात म्हटलं, आता रंगेल. आठव्या भागात तो छत्री घेऊन पंचवीस मिनिटं एका पुलावर उभा राहिला आणि मला त्या राखाडी भिंतींमध्ये चक्क डुलकी लागली. रिसेप्शनवरच्या मुलीनं काच वाजवून उठवलं. "मॅडम, रडताय?" तिनं आशेनं विचारलं. मी प्रत्येक भागात एकच गोष्ट शोधत होते. माझी लेक कुठे हसली असेल? विहीणबाई एवढ्या खळखळून कशाला हसल्या? हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एकदा मला वाटलं, सापडलं, नायकाचा एक ढेरपोट्या मित्र बोटीतून पाण्यात पडतो तिथे. मी ते चार वेळा मागे नेऊन पाहिलं. नाही. तिथे हसू येत नव्हतं, फक्त तो ओला होत होता. शेवटच्या भागात पडद्यावर 'तीन वर्षांनंतर' अशी पाटी आली आणि ती दोघं त्याच पुलावर भेटली, मग लग्नाचा एक फोटो, आणि संपलं. मी हेडफोन काढले. पेटीत इतकी शांतता असते की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. मला फसवल्यासारखं झालं. मालिका वाईट निघाली याचं एवढं नव्हतं, वाईट मालिका काय कमी असतात? पण या एवढ्याशा, पाणचट गोष्टीसाठी माझी लेक रोज साडेचारला मला फोनवरून उठवत होती. आणि जर गोष्टीत काही नसेल, तर मग जे काही होतं ते त्या दोघींमध्येच होतं. मालिका चांगली निघाली असती तर मला तिचा राग धरता आला असता. आता तोही आधार गेला.

त्यानंतर आठवड्याभरानं, सकाळी अकराच्या सुमारास, डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन एक पेशंट माझ्याकडे पाठवला. मी दार उघडलं तर बाहेर बाकावर विहीणबाई, आणि त्यांच्या डाव्या बाजूला माझी लेक. मला पाहून विहीणबाईंनी मान खाली घातली, प्रगतिपुस्तक घेऊन आल्यासारखी. लेक उठून मला कोपऱ्यात घेऊन गेली. "आई, ओरडू नकोस. दीड वर्ष झालं. उजवा कान जवळजवळ गेलाय, डावाही कमी झालाय. तिनंच बजावलं होतं, तुला सांगायचं नाही म्हणून." "मला? का?" "लाज वाटते म्हणते. तू दिवसभर हेच काम करतेस ना. म्हणून फोनवर बोलायची नाही तुझ्याशी. म्हणायची, विहीणबाईंना दोन वाक्यांत कळेल." मग लेक म्हणाली, "मला तर वाटत होतं, तुला कळलंय. त्या दिवशी तू मुद्दाम उजव्या बाजूला बसून दोनदा बोललीस, मला वाटलं तपासतेयस. पण नंतर तू काहीच बोलली नाहीस."  सव्वीस वर्षं मी रस्त्यानं चालणाऱ्या माणसाची मान कुठे कलते यावरून त्याचा कोणता कान बरा आहे ते सांगत आले. आणि घरच्या सोफ्यावर, हातभर अंतरावर, मला तोरा दिसला.

विहीणबाईंना मी आत बसवलं. हेडफोन लावण्यासाठी त्यांचे केस कानामागे सारले, तर कानाच्या पाळीवर केसांच्या रंगाचा काळा ओघळ वाळलेला. "पुसायचा राहिला वाटतं," मी म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघून ते ओळखलं. "काल तुमच्या लेकीनंच लावून दिला. हात फार हलका आहे तिचा." मी तो ओघळ कापसानं पुसला, गरजेपेक्षा जरा जोरात. मग बाहेर येऊन आवाज सोडायला लागले. आणि बघते तर काय, विहीणबाई लबाडी करत होत्या! मी आवाज सोडलेला नसताना बटण दाबत होत्या. काचेतून माझ्या हाताकडे, खांद्याकडे टक लावून, मी हलले की दाबायच्या. अशी माणसं मी खूप पाहिलीत, नापास व्हायला कुणालाच आवडत नाही. मी यंत्रावर एक फाईल आडवी धरून हात झाकले. तशी त्या घाबरल्या. बटण दाबायचं थांबलं. मी आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, लाल गोल कागदावर खाली खाली उतरत गेले, आणि त्या काचेपलीकडे डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून नुसत्या वाट बघत बसलेल्या. मला एकदम दिसलं की या बाईला भीती वाटतेय. माझीच.

मी आत गेले तेव्हा त्या हेडफोन न काढताच बोलायला लागल्या, कमी ऐकणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं. "टीव्हीवरचं आपलं काहीच कळेनासं झालं हो. घरात सगळे हसायचे, मीही मागून हसायची. मग हिनं ती कोरियन लावली. म्हणाली, आई, ही कुणालाच कळत नाही, मी सगळ्यांना वाचून दाखवणार. सगळे म्हणजे मीच. ती खालचं वाचते आणि माझ्या कानात आपल्या भाषेत सांगते. सगळ्यांचे आवाज काढते. त्या जाड्या मित्राचा तर असा काढते!" त्या हसल्या. "संपली की पुन्हा पहिल्यापासून लावतो. मी टीव्ही बघतच नाही. तिच्या तोंडाकडे बघते. तिचे ओठ मला वाचता येतात, बाकी कुणाचे नाही येत." मी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन उतरवले. सोळा भाग, सव्वा सव्वा तास. मी मनात हिशेब करू नये म्हणत होते तरी केला. निदान वीस तास ही बाई माझ्या लेकीचं तोंड बघत होती. लेक सहा महिन्यांची असताना मी बघत होते तसं, आता पहिला शब्द येईल, आता येईल. दया आली, खरंच आली, नाही म्हणणार नाही. पण तिच्या पाठोपाठ, तिचाच पदर धरून, दुसरंही आलं. आणि याच पेटीत बसून मी जी मालिका पाहिली ती ही नव्हतीच. मिठागर तेच, पूल तोच, पण जिनं ती सांगायची ती माझ्या कानाशी नव्हती.

"यंत्र बसवलं की बरंच ऐकू येईल," मी सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले. "दोन्ही कानांना. मग कुणी वाचून दाखवायला नको." हे शेवटचं वाक्य मी का बोलले ते मला चांगलं ठाऊक आहे. पेशंटच्या भल्याचंच होतं ते, कुणीही तेच सांगितलं असतं. पण सांगताना मला जो गोडवा वाटला तो पेशंटच्या भल्याचा नव्हता.  विहीणबाई म्हणाल्या, "हो. नकोच मग." आणि त्यांनी हात पुढे करून माझा हात धरला. त्यांना वाटलं असेल मी त्यांचं ओझं उतरवतेय. मी हात सोडवून घेतला नाही.

यंत्र मीच बसवलं, माझ्या हातानं, तीन वेळा बोलावून आवाज नीट जुळवून दिले. कामात मी खोट ठेवली नाही, उलट इतकं जीव लावून मी कुणाचंच केलं नसेल. महिन्याभरानं, दुपारी साडेचारला, लेकीचा फोन आला. मी घड्याळाकडे पाहिलं. "आज मालिका नाही?" "कसली मालिका. आई घरात टिकते कुठे आता? मैत्रिणींकडे जाते, गाण्याच्या वर्गाला जाते. काल मला म्हणाली, तू घोरतेस, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं." मला इतका आनंद झाला की मी फोन क्षणभर तोंडापासून लांब धरला, आवाजात कळू नये म्हणून. लेक जरा एकटी वाटत होती. आणि तिच्या एकटेपणाचासुद्धा मला आनंद झाला, काय लपवायचं. "मी पाहिली ती," मी म्हणाले. "काय?" "तुमची मालिका. सगळे सोळा भाग."  "तू? कधी? आणि सांगितलं नाहीस? आवडली?" मी हो म्हणणार होते. तोंडाशी आलंही होतं. "नाही," मी म्हणाले. "मला झोप आली. एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय होतं त्यात?" "झोप?" लेकीचा आवाज चढला. "आई, तुला काही कळतं का? तो पुलावरचा प्रसंग!" "पंचवीस मिनिटं छत्री धरून उभा, हात कसा दुखला नाही त्याचा?" "तुला ना, कशाचं काही नसतं! तुला बाबांनी कधी छत्री धरली नाही म्हणून!" "बाबांना मध्ये आणू नकोस!" आम्ही चक्क भांडत होतो. मी ओट्याला टेकून, एक हात कमरेवर, आणि माझ्या अंगात कितीतरी दिवसांनी ऊब येत होती.

"बाकी सगळं सोड," मी म्हणाले, "पण त्या मुलीची आई गेली कुठे, ते सांग मला. नवव्या भागात लेकीला बसमध्ये बसवून देते आणि मग बाई गायब. लेक आजारी पडते, बरी होते, लग्न करते. कुणी एकदा तरी विचारतं का, हिची आई कुठाय म्हणून? लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही!"  हे मला एवढं लागलं होतं ते मलाच तोवर माहीत नव्हतं.  पलीकडे लेक हळूच हसली. "अगं, इकडची आईही अगदी हेच म्हणाली. शब्दन् शब्द. शेवटचे सात भाग त्या आईची वाट बघत होती. प्रत्येक भागाला म्हणायची, आज येईल बघ ती. फोटो दाखवला तेव्हा मला तो थांबवून ठेवायला लावला, आणि मागच्या रांगेत शोधत बसली."

माझी एवढी एकच तक्रार, माझी स्वतःची, ती त्या बाईनं माझ्या आधी करून ठेवली होती. आणि ती केली होती माझ्या लेकीच्या खांद्याला खांदा लावून.

"तसं काही नाही," मी म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी आई कशाला हवी? पोरीचं चांगलं झालंय म्हटल्यावर तिनं काय करायचं मध्ये येऊन? असतील तिला तिची कामं."

"आई! आत्ता तर तू—"

"आत्ताचं सोड. मला शेवट पटला."

"अगं, तुला झोप येत होती ना?"

"येत होती. तरी पटला."

"कसा पटला? सांग ना, कसा पटला ते सांग!" लेक तावातावानं म्हणाली, आणि मी पायानं खुर्ची जवळ ओढून तिच्यावर ऐसपैस बसले.